मधली टाकी

५ नोव्हेंबर

आजपासून मी बोटीवर राहतो. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोराच्या रोजनिशीचं पहिलं वाक्य याहून झकास काय असणार?

बोट मामाची. मामा मालवाहू जहाजावर नोकरीला, त्यामुळे वर्षाचे बरेच महिने समुद्रावर. ही त्याने म्हातारपणी राहायला म्हणून घेतलीय आणि तोवर धक्क्याला बांधून ठेवलीय. मी परीक्षेच्या मधूनच पेपर फाडून बाहेर आलो तेव्हा बाबा म्हणाले, घरात तोंड दाखवू नकोस. मामा फोनवर म्हणाला, मग माझ्या बोटीवर जाऊन बस, तिथे तोंड बघायला मासेच आहेत. आई रडली. ताईने पिशवी भरून दिली आणि वर टोमणाही दिला की आता तरी डोकं थंड ठेव, चहूकडे पाणीच आहे.

डोकं थंड होण्याआधी तीन ठिकाणी आपटलं. एक लांबट खोली, वाकून चालायचं. भिंतीला लावलेलं झोपायचं फळकूट, घडीचं टेबल, दोन शेगड्या, वाडग्याएवढं सिंक. संडास एवढा अरुंद की बसलं की गुडघे दाराला टेकतात. खिडकीतून उन्हाचे कवडसे छतावर हलत राहतात. मला फार आवडलं. कॉलेजात माझ्या बाकावर बसायची तिने इथे कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्यामुळे कुठल्याच कोपऱ्यात तिची आठवण नाही.

नळांचं प्रकरण मामाने फोनवर तासभर समजावलं. पुढच्या टोकाला चांगल्या पाण्याची टाकी, धक्क्यावरच्या नळाला पाइप लावून भरायची. मागच्या टोकाला मैल्याची, ती भरत आली की उपसा करणारी होडी बोलवायची. खाडीत थेंबही सोडायचा नाही, धक्क्याचा कायदा आहे. संडासाला बटण नाही, हातपंप. दांडा धरून हापसायचं. मामा हसून म्हणाला, जमिनीवर तू साखळी ओढतोस आणि विसरतोस. बोटीवर काही जात नाही रे बाळा, नुसतं पायाखाली जातं.

६ नोव्हेंबर

शेजारच्या बोटीवर एक काकू राहतात. शिलाईकाम करतात, म्हणजे शिडं आणि ताडपत्र्या शिवतात, आणि तोंडात कायम दोरा. माझं शिक्षण विचारलं. अर्धवट इंजिनियर म्हणालो. तेव्हापासून मला इंजिनियर म्हणतात, आणि कुत्र्याला हाक मारावी तशा प्रेमाने म्हणतात.

आज पंपवालाही आला. म्हणजे उपशाच्या होडीवरचा माणूस. त्याने जाड नळी लावली, मागची टाकी उपसली आणि जाता जाता बोटीवरच्या लोकांचा एकमेव धर्म सांगितला. जे आधी पोटात गेलं नाही ते या भांड्यात जायचं नाही. कागद नाही, केस नाही, काडी नाही. मी म्हटलं, पंप तुंबतो म्हणून ना? तो म्हणाला, तुंबतो म्हणून, असं समज.

मग फळकुटाखालचं झाकण उघडून बघितलं. संडासाच्या पाइपाला तिथे फाटा फुटतो. फाट्यावर पितळी मूठ. उजवीकडे केली की मैला मागच्या टाकीत. डावीकडे केली की मधल्या टाकीत. ही मधली टाकी मामाला ठाऊक आहे पण त्याने कधी वापरली नाही. जुन्या मालकाच्या, कुणा मास्तरांच्या वेळची. मूठ डावीकडे फिरू नये म्हणून तांब्याच्या तारेने जखडलीय. इतकी वेडीवाकडी गुंडाळी की आंधळ्याने बांधली असावी. कारागिरी म्हणून शून्य मार्क.

९ नोव्हेंबर

पंप, नळ, झडपा, सगळं हाताखाली आलं. वर्गात जे चार वर्षांत शिकवणार होते ते मी चार दिवसांत शिकलो. काकूंना गळका नळ दुरुस्त करून दिला. त्यांनी भाकरी दिली आणि विचारलं, पोरगी कोण होती? मी म्हटलं, कोणती पोरगी? त्या म्हणाल्या, जिच्यामुळे तू पाना एवढा आवळतोस.

तर ती. आम्ही एका बाकावर. मी वर्गात कुणाशीही भांडायचो म्हणून तिने माझं नाव भोंगा ठेवलं. भोंग्या, जेवलास का? रोज दुपारी फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. एवढंच. मी त्याला प्रेम समजलो. ती म्हणते ती चौकशी होती. चौकशी! रोज?

बिस्किटांच्या डब्यात तीन वस्तू आणल्यात. तिची केसांची पिन, चार केस अडकलेली. जुन्या फोनचं मेमरी कार्ड, त्यात तिचे सगळे आवाज. आणि सहलीतला फोटो, आम्ही दोघं, माझा उजवा हात तिच्या खांद्यावर. फोटो निघाल्याबरोबर तिने खांदा काढून घेतला होता. पण फोटोत तो कायमचा माझ्या हाताखाली आहे.

११ नोव्हेंबर

ताईचा फोन. ती कॉलेज सांभाळून ताईच्याच ऑफिसात अर्धवेळ काम करते, त्यामुळे सगळं कळतं. तिचं ठरलं. मुलगा शांत आहे म्हणे. शांत! ताईने हा शब्द मुद्दाम वापरला.

डबा उघडला, पिन काढली, भांड्यात टाकली आणि हापसलं. कचकन आवाज झाला आणि दांडा अडकला. पोटात न गेलेली वस्तू! पंपवाल्याचा धर्म आठवून आणखी डोकं फिरलं. कोण तो मला सांगणार? पक्कड घेतली, फळकुटाखालची तार तोडली, मूठ डावीकडे फिरवली. पुन्हा हापसलं.

गेली. अशी गेली की जणू खालून कुणी ओढून घेतली. पंप इतका हलका कधीच चालला नव्हता. खाली पडल्याचा आवाजही आला नाही.

छातीवरचा दगड उतरला. जेवलो. दोन भाकऱ्या जास्त.

१३ नोव्हेंबर

सिंकच्या नळातून केस आला. लांब. एक ओढला तर मागून दुसरा, मग गुच्छ. चांगल्या पाण्याच्या टाकीत केस कुठून? दोन्ही टाक्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, मी पाइप न् पाइप बघितलाय. हुंगले. तिच्या डोक्याचा वास. हा वास मी वर्षभर एका बाकावर बसून घेतलाय, मला शिकवू नका.

संध्याकाळी ताईचा फोन. बोलता बोलता म्हणाली, बिचारीचे केस मूठमूठ गळतायत, उशीवर, कंगव्यात, डॉक्टरही चक्रावलेत. मी म्हटलं, शांत मुलाला टकलू बायको शोभेल. ताईने फोन आपटला.

केस फेकायला हवे होते. उशाखाली ठेवलेत.

१५ नोव्हेंबर

आज मीच तिला फोन केला. उचलला. मी नीट बोलणार होतो. दुसऱ्या वाक्याला ओरडलो, चौथ्याला शिव्या दिल्या. ती शांतपणे म्हणाली की यापुढे तिचा आवाज मला ऐकू येणार नाही. आणि ठेवला.

ठीक. नको तुझा आवाज. कार्ड घेतलं, भांड्यात टाकलं, हापसलं. वर्षभराच्या चौकश्या एका दांड्यात खाली.

पिन टाकली आणि केस गळले, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण योगायोग म्हणायला काय जातं?

१६ नोव्हेंबर

सिंकच्या भोकातून गुणगुण येते. भांडी घासताना आली. नळ बंद केला तरी चालू. ती प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुताना गुणगुणायची तीच चाल, आणि मधल्या एका जागी घसरते तिथेच घसरते.

मग स्पष्ट, संडासाच्या भांड्यातून. भोंग्या, जेवलास का?

मी हो म्हणालो. सवयीने.

१८ नोव्हेंबर

ताई फोनवर रडत होती. म्हणाली, त्या पोरीचा आवाज गेला. एकदम. तीन दिवस झाले. तोंड उघडते, ओठ हलवते, आतून नुसती हवा.

फोन ठेवला आणि सरळ काकूंच्या बोटीवर गेलो. तार तोडल्याचं सांगितलं. काकूंनी तोंडातला दोरा काढला. पहिल्यांदाच मला तो शेवटपर्यंत बाहेर आलेला दिसला. मग मास्तरांची गोष्ट सांगितली.

मास्तर आणि त्यांची बायको या बोटीवर राहायचे. भांडण झालं, बाई माहेरी गेली. मास्तरांनी रागाच्या भरात तिचा चष्मा मधल्या टाकीत सोडला. बाईची नजर गेली. आज ती भावाच्या घरात भिंती चाचपत फिरते. मी विचारलं, आणि मास्तर? काकू म्हणाल्या, मास्तरही तसेच. चष्मा दोघांत मिळून एकच होता ना, इंजिनियर. तो पेपर वाचायचा, मग ती. तशाच आंधळ्याने चाचपत चाचपत तार बांधली आणि बोट विकली.

मी विचारलं, परत कसं आणायचं? म्हणाल्या, खाली गेलं ते गेलं. जे अजून वर आहे तेवढं जप. आहे का काही?

मी नाही म्हणालो. डब्यात फोटो आहे.

१९ नोव्हेंबर

पंपवाल्याला बोलावलं. मधल्या टाकीला नळी लावली. यंत्र घरघरलं, नळी हवा ओढत राहिली. टाकी कोरडी, ठणठणीत कोरडी. त्याने वाकून झाकणाला कान लावला. उठला तेव्हा ओठ पांढरे. खाली कुणी बाई आहे का विचारलं. त्याने नळी गुंडाळलीसुद्धा नाही, तशीच पाण्यातून फरफटत नेली.

मूठ उजवीकडे फिरत नाही. पान्याने, दोन्ही हातांनी, लाथेने. नाही.

२० नोव्हेंबर

खरं लिहितो, कोण वाचणार आहे? मला बरं वाटतं. सकाळी उठलो की खालून विचारते, झोप लागली का. चहा करताना बोलते. वर्गात होती त्यापेक्षा जास्त बोलते. मी भांडलो तर ऐकून घेते, आणि मी म्हटलेलं सगळं तिला पटतं. वर्षभर मी एवढंच मागत होतो. हे मिळायला तिला तिकडे मुकं व्हावं लागलं.

आज म्हणाली, मला तोंड नाही. तुझ्याकडे आहे ना? डब्यात?

डबा उचलला. परत ठेवला. पुन्हा उचलला.

फोटोत ती हसतेय. हे तोंड गेलं तर तिकडे काय उरेल? डोकं बोडकं, आवाज नाही, आणि वर — ते लिहवत नाही. मी रागीट आहे. राक्षस नाही. डबा टेबलाला दोरीने बांधून टाकला.

खालून म्हणाली, बांध. सोडायलाही तुलाच येतं.

२१ नोव्हेंबर

ताईला सगळं सांगून टाकलं. तिने मला वेड्यात काढलं. तरी म्हणाली, उद्या दुपारी तिला घेऊन येते. तिला तिच्या वस्तू परत हव्यात, लग्नाआधी. तू फोटो तिच्या हातात द्यायचास, तोंडातून एक शब्द काढायचा नाही, आणि हा तमाशा संपवायचा.

देईन. शपथ. तिच्या हातात देईन, मग खालचीने काय करायचं ते करावं.

काकूंनी नवी तार दिली. पण मूठ डावीकडेच आहे, बांधून काय उपयोग? तरी बांधली. मास्तरांसारखीच गुंडाळी झाली.

२२ नोव्हेंबर, दुपार

आली.

डोक्याला फडकं गुंडाळलेलं. भुवया विरळ. पण चेहरा तोच, फोटोतला. आत आली आणि तिने छताला डोकं आपटून घेतलं नाही, आधीच वाकली. शहाणी. ताई दाराशी उभी.

मी डबा सोडवत होतो. खरंच सोडवत होतो. गाठ निघत नव्हती.

तेवढ्यात खालून — भोंग्या, ही कोण आलीय?

तिने ऐकलं. स्वतःचा आवाज, आपल्या पायांखालून. तिने खाली बघितलं. मग माझ्याकडे. काय नजर होती! भीती नव्हती. घाण बघतात तशी. तोंड उघडलं, नुसती हवा आली. ताईला ढकलून बाहेर धावली. मी फोटो घेऊन मागे. हाक मारणार, तर धक्क्यावर तो. शांत मुलगा. हातात पाण्याची बाटली. तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच खांद्यावर. आणि तिने काढून घेतला नाही.

मी आत आलो.

कात्री शोधली. मी काही मास्तर नाही, दोघांत एक असलेली वस्तू सोडायला. फोटो पट्टीने मापला, दोघांच्या मधोमध रेघ मारली, रेघेवरून कापला. तिचा अर्धा वेगळा, माझा अर्धा वेगळा. एवढं काटेकोर काम मी प्रयोगशाळेतही केलं नव्हतं.

तिचा अर्धा भांड्यात. एक हापसा.

नंतर

धक्क्यावर ताई किंचाळतेय. तोंडावरचा हात काढ, हात काढ, बघू दे — आणि मग ताईचीच किंकाळी. तो शांत मुलगाही ओरडतोय. आता शांत नाही. पाण्यात काहीतरी पडलं, बाटली असेल —

काकू दार वाजवतायत. कडी लावलीय.

मी काय केलं —

खालची हसतेय. म्हणते, आता मला बघ ना. झाकण उघड.

नाही उघडणार.

नंतर

बाहेर सगळं गप्प. नेलं तिला. काकूही गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, आपलं काही गेलं नाही ना बघ.

काय जाणार? माझा अर्धा टेबलावर आहे. हा मी, हसतोय. कान, गळा, शर्ट. उजवी बाही खांद्यापासून पुढे जाते, पुढे — कात्रीची कड.

हात?

हात तिच्या खांद्यावर होता.

रेघ दोघांच्या मधून मारली, चेहरे बघून मारली, हात नाही बघि—

बोटं गार पडलीत. पेन धरलंय का हे कळत नाही. बघावं लागतं.

मनगटही.

खालून कुणीतरी हात हातात घेतल्यासारखं. घट्ट. तिने कधी धरला नव्हता असा —

डाव्या हाताने लिहितोय. उजवा माझं ऐकत ना— तार सोडवतोय, मी नाही, झाकणाच्या कडेला बोटं — आता पेन ओढतोय, पुढचं मी लिहीत नाहीये —

भोंग्या, जेवलास का? ये ना खाली. मी केव्हाची वाट बघ